इंजिन हवेत असताना

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या पायांवर वाकून नमस्कार. (कमरेला पट्टा बांधलेला असल्यामुळे वाकणं नेहमीपेक्षा जरा कमी पडलंय, गोड मानून घे. पट्ट्याचं कारण पुढे ओघाने येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? डाव्या कानाने ऐकू यायला लागलं, की अजूनही आल्यागेल्याला उजवीकडे बसवतेस? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. ही ठीक आहे, आणि हिच्या आईची तब्येत आपल्या सगळ्यांची मिळून होईल त्याहूनही ठीक आहे. हे पत्र 'आपण' म्हणून लिहायला घेतलं होतं, पण पहिल्याच ओळीत आपण कोण आणि मी कोण असा घोळ व्हायला लागला, म्हणून तूच बरी.

तर बातमी अशी की तू मला वापरायला दिलेली तुझी जुनी गाडी गेली होती. घाबरू नकोस, 'होती' लिहिलंय. झालं असं, की हिच्या आई आमच्याकडचा मुक्काम आटोपून घरी परत निघाल्या होत्या आणि मी त्यांना स्टेशनवर पोचवत होतो. (मी गाडी फार आनंदाने चालवत होतो असं ही म्हणते. तसं काही नव्हतं. शीळ मी नेहमीच घालतो.) पुलाच्या चढणीवर बॉनेटखालून खट्‌ खट्‌ असा आवाज सुरू झाला, जणू आत कुणी कोंडलंय आणि दार वाजवतंय. मी रेडिओ मोठा केला. मागच्या सीटवरून हिच्या आई म्हणाल्या, "जावईबापू, हिला धाप लागलीय, थांबवा." मी म्हटलं, चढण संपली की बसेल खाली. चढण संपायच्या आत गाडीच बसली. एक दणका, काळा धूर, आणि मागे रस्त्यावर तेलाचा असा पाट, की सायकलवाले उतरून पायी जायला लागले. दुधाच्या टँकरने आम्हाला ओढत घरी आणलं. ट्रेन गेली, आणि हिच्या आईंनी बॅग परत त्याच खोलीत नेऊन ठेवली. गाडी नीट झाल्याशिवाय जाणार नाही, म्हणाल्या. दुसऱ्या वाहनाने जाणं म्हणजे पेशंटला टेबलावर टाकून घरी जाण्यासारखं आहे, हे त्यांचं म्हणणं. (तुला ठाऊकच आहे, त्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या मुख्य सिस्टर होत्या. सर्जन लोक त्यांना विचारून शिंकत असत.)

आधी मी ती त्याच टँकरला जोडून काचेच्या भिंतींच्या एका चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या इस्त्रीच्या शर्टातल्या तरुणाने हातात कॉम्प्युटरची एक वायर घेऊन तुझ्या गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या. ती वायर कुठे खुपसायची ते भोक तो शोधत होता. सापडलं नाही. मग त्याने फार हळव्या आवाजात मला विचारलं, की बागेत कुंडीसारखी ठेवायला जागा आहे का. हिच्या आईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने आपणहून गेट उघडून दिलं.

शेवटी टँकरवाल्यानेच पत्ता सांगितला. बाजाराच्या मागच्या गल्लीत पत्र्याची एक लांबलचक शेड आहे. तिचे मालक दोन, आणि ते एकमेकांचे साडू. एकाला सगळी गल्ली 'पैलवान' म्हणते, कारण तो छत्रीच्या दांडीएवढा आहे. दुसऱ्याला 'बारकू' म्हणते, कारण तो दारातून आडवा होऊन येतो. पैलवान इंजिनाचं काम करतो. बारकू सांगाडा, वेल्डिंग आणि उचलठेव बघतो. आता गंमत ऐक. दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कधीकाळी एका ट्रकचं इंजिन भर रस्त्यात निखळलं. हा म्हणाला तुझा इंजिनाखालचा पाया वाकडा होता, तो म्हणाला तुझे बोल्ट ढिले होते, आणि तिथे जी बोलणी खुंटली ती खुंटलीच. शेडच्या मधोमध जमिनीवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढलेली आहे. इकडचा पाना तिकडे जात नाही. त्यांच्या बायका, म्हणजे सख्ख्या बहिणी, वरच्या मजल्यावर एकाच शेगडीवर स्वयंपाक करतात आणि खिडकीतून खाली बघून हसतात. पण खाली गाडी आली, की पुढची चाकं पैलवानच्या राज्यात आणि मागची बारकूच्या.

बोलल्याशिवाय काम होतं कसं, असं तू विचारशील. मीही विचारलं. तर ते दोघं गाडीशी बोलतात. "काय गं गाडे, तुझं इंजिन उद्या उचलायचं म्हणतात, तर काही लोकांनी आपली चेनपुली तपासली असेल ना?" असं पैलवान बॉनेटला विचारतो, आणि डिकीपाशी उभा असलेला बारकू टपावर हात ठेवून म्हणतो, "त्यांना सांग, काही लोकांनी आपापलं बघावं." हिच्या आईंनी हा प्रकार थोडा वेळ पाहिला आणि एक खुर्ची मागवून ती बरोबर पांढऱ्या रेघेवर ठेवली. आजपासून जे सांगायचं ते मला सांगायचं, असा हुकूम सुटला. तेव्हापासून निरोप त्यांच्यामार्फत जायला लागले, पण जसेच्या तसे नाही. पैलवान म्हणाला, "त्या रेड्याला म्हणावं, साखळीला तेल पाज," की ह्या बारकूला सांगत, "तुमचे साडू विचारतायत, साखळीला तेल दिलं तर बरं पडेल का." बारकू चक्रावून जायचा. आपल्या साडूला इतकं सौजन्य कुठून आलं, याचा तो पाना हातात धरून विचार करत बसायचा.

आत्या, ज्या दिवशी इंजिन उघडलं त्या दिवसाबद्दल मला जरा नीट लिहायचं आहे. आजवर मी त्या बॉनेटमागे बसून ऑफिसला गेलो, भाजी आणली, मुलीला शाळेत सोडलं. आत काय आहे हे मला ऐकून माहीत होतं, जसं पोटात आतडं असतं हे माहीत असतं. पैलवानने इंजिनाचं झाकण, म्हणजे हेड, उचललं, मग एकेक पिस्टन बाहेर काढला आणि हिच्या आईंनी पसरलेल्या पांढऱ्या चादरीवर ओळीने मांडला. (पाने, पकडी वगैरे त्यांनी आधीच मापाप्रमाणे लावून ठेवली होती. पैलवानने हात नुसता मागे करायचा, हवा तो पाना हातात पडायचा. दुसऱ्या दिवसापासून तो पाना मागायचाच बंद झाला.) शेवटी क्रँक, म्हणजे सगळे पिस्टन मिळून ज्याला फिरवतात तो दांडा, निघाला. काय सांगू तुला! माणसाच्या कण्यासारखा लांब, वळणावळणाचा, आणि इतकी वर्षं अंधारात तेलात फिरून असा झळाळलेला, की शेडमधला बल्ब त्यात ठिकठिकाणी दिसत होता. फक्त एका जागी तो करपून निळा पडला होता. तिथलं बेअरिंग वितळून चिकटलं होतं. ठोठावत होतं ते तेच.   हिच्या आई खुर्चीवरून उठल्या, पदराने चष्मा पुसला आणि हळूच म्हणाल्या, "ह्याच्या जिवावर आपण भाजीला जात होतो?"

 आपण वरच्या मजल्यावर वर्षानुवर्षं राहावं आणि एक दिवस कळावं की तळमजल्यावर कुणी मोठा माणूस गुपचूप राहत होता, तसं काहीसं वाटलं. घरी येऊन हिला सांगायला गेलो, तर ही म्हणाली, आधी हात धुवा.

क्रँक घासून आला, सिलिंडर बोअर करून आले, नव्या मापाचे पिस्टन बसले. जे बेअरिंग बाजारात मिळेना ते पैलवानने लेथवर स्वतः घडवलं, आणि ते जमेपर्यंत त्याने इतक्या शिव्या दिल्या, की निरोप्याचं काम करणाऱ्या बाईंनाही त्यांचं सभ्य भाषांतर करता येईना. मग इंजिन परत गाडीत उतरवायचा दिवस आला.

छताच्या तुळईला चेनपुली, तिला लटकलेलं इंजिन, आणि खाली तोंड उघडून बसलेली तुझी गाडी. बारकू साखळी सोडतोय, पैलवान बॉनेटच्या खळग्यात अर्धा आत शिरून इंजिनाला दिशा देतोय, मधे हिच्या आई; पैलवानचा निरोप, की लगेच ह्यांचं भाषांतर: "त्यांना सांगा डावीकडे." "डावीकडे घ्या." "त्यांना सांगा इतकं नको." "किंचित उजवीकडे." इंजिन अगदी जागेवर येत होतं आणि कुठेतरी कडी घसरली. कडाड्‌कन आवाज झाला आणि तो सगळा लोखंडी डोंगर हातभर खाली आला. पैलवानचा पंजा इंजिन आणि सांगाड्याच्या मधे होता. बारकूने साखळी दोन्ही हातांनी धरली, पाय जमिनीत रोवले, मानेच्या शिरा तटतटून फुगल्या, आणि तो ओरडला, "पैलू, हात काढ!"

आत्या, इतक्या वर्षांनी साडूने साडूला हाक मारली होती. पैलवान हात काढायचा सोडून वर बघत राहिला. म्हणाला, "मला म्हणतोयस?"

"तुला नाही तर काय गाडीला? हात काढ, गाढवा!"

त्याच वेळी मी पुढे झेपावलो आणि साखळी धरली. खरं म्हणजे साखळीनेच मला धरलं. माझे पाय जमिनीवरून सुटले आणि मी इंजिनासमोर दुसऱ्या पारड्यात बसवलेल्या मापासारखा लोंबकळायला लागलो. (माझ्या वजनाचा काडीचाही उपयोग झाला नाही, असं बारकूने नंतर सांगितलं. कमरेचा पट्टा मात्र तिथलाच.) पण त्या उंचीवरून मी जे पाहिलं ते कुणीच पाहिलं नसेल. हात बाहेर आलेला होता, पाची बोटं जागेवर होती. बारकू घामाने निथळत, श्वास रोखून, ते अवजड धूड बोटभर, नखभर, केसभर असं खाली सोडत होता. पैलवान नुसत्या डोळ्यांनी सांगत होता आणि बारकू ते डोळे वाचत होता. अधूनमधून हिच्या आई तोंड उघडायच्या आणि मिटायच्या, कारण निरोप पोचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शेवटी एक बारीक 'टक्‌' झालं. कपाटाचं नीट बसणारं दार लागावं, एवढंच. इंजिन बसलं.

त्यानंतर ते दोघं जे भांडले, आत्या! इतक्या वर्षांचं साठलेलं. ट्रकचा बोल्ट, ट्रकचा पाया, कोणी कोणाच्या मुलीच्या निकालाला आला नाही, कोण आजारी असताना कोण वर बघायला गेला नाही. बहिणी जिन्यावर येऊन उभ्या राहिल्या. धाकटी रडत होती आणि थोरली तिला म्हणत होती, अगं ऐक तरी, किती दिवसांनी छान भांडतायत. बारकूचे तळवे साखळीने सोलून निघाले होते. बोलता बोलता पैलवानने त्याचे हात ओढून आपल्या फडक्याने बांधले, आणि तोंडाने शिव्या चालूच. हिच्या आईंनी ते बांधणं पाहिलं, न राहवून सोडलं आणि नीट बांधून दिलं.

मग गाडी सुरू केली. पहिल्यांदा नुसतीच घरघर. दुसऱ्यांदा एक खोकला. तिसऱ्यांदा ती लागली, आणि लागली म्हणजे कशी? आवाज वाढला नाही, उलट सगळ्या गल्लीचा आवाज कमी झाला. समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला, त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. हिच्या आईंनी बॉनेटवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "ठोके नियमित आहेत." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (धूर होता. थोडाच होता, पण होता.)

गाडी पूर्ण झाली आहे. गुडघ्याला जप, औषधं वेळेवर घे.

तुझा,
भाचा

ता. क. : 'पूर्ण' हा शब्द वर जरा सढळ हाताने वापरला गेला आहे. मागच्या सीटच्या स्प्रिंगा व्हायच्यात, डावीकडचं मागचं दार वळणावर आपणहून उघडतं, आणि वायपर लावला की हॉर्न वाजतो. साडू बोलत नव्हते तेव्हा ही कामं पटापट व्हायची. आता दिवसभर दोघं चहा पीत गप्पा मारतात.

आणखी एक ता. क. : खरं तर पत्र याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं, इंजिनात अडकलो. काका गेल्यापासून आम्ही तुला बोलावतोय, आणि दर वेळी तुझं एकच उत्तर: "माझी गाडी मला न्यायला आली तर येईन." ती येणार नाही याची तुला खात्री होती. तर हे पत्र तुला मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी ती तुझ्या दारात उभी राहील. पैलवान चालवणार आहे, बारकू आवाज ऐकायला येतोय, आणि दोघांच्या मधे हिच्या आई बसणार आहेत. खालची खोली तुझ्यासाठी लावून ठेवली आहे. बॅग भर, बसायला जाडशी उशी घे, आणि डावीकडच्या दाराशी बसू नकोस. यायचं नसेल तर मला कळवून उपयोग नाही, मी गाडीत नसेन. 'नाही' ते हिच्या आईंनाच सांगावं लागेल. त्यांना नाही म्हणालेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. तुला जमलं, तर कसं जमवलंस ते तेवढं मला सविस्तर लिही.