काळी चार, पांढरी चार

१७ मार्च १९९१
अंबडचा प्रयोग. गिरिजाला दोन दिवस ताप, तरी उभी राहिली. दुसऱ्या अंकातल्या पदात वरचा सा लावताना आवाज चिरकला. थिएटर गप्प. मी ऑर्गनवरून मान वर केली नाही.

पडदा पडल्यावर म्हणाली, "माझा आवाज गेला की त्याच दिवशी सांगायचं. बाहेरून कळायला नको." मी हो म्हणालो.

येताना जीपच्या दारात माझं मधलं बोट चेमटलं. नख काळंनिळं.

२ एप्रिल १९९१
गिरिजाची गायची पट्टी पहिल्यापासून काळी चार. आज तिला न सांगता पांढरी चार धरली — तीन पट्ट्या खाली. वरचा सा अलगद लागला. वन्स मोअर!

आत आल्यावर माझ्याकडे बघून हसली. सांगणं झालं नाही. उद्या सांगेन.

९ नोव्हेंबर १९९६
नायिकेचं काम नव्या मुलीला दिलं. कंपनीचे मालक म्हणाले, गिरिजाबाई गातात गोडच, पण पूर्वीची धार राहिली नाही. तिने ऐकून घेतलं. स्टँडवर माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "जड आहे, द्या इकडे."

२२ जानेवारी २००३
गिरिजा गेली. सकाळी सव्वासातला. चहा गाळत होती. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. दोन कप भरलेले, तसेच.

२४ जानेवारी
घर भरलेलं. तिचे सगळे प्रयोग पाहिलेले रामनिवासजी म्हणाले, तुमच्यासारखी साथ कुणाला मिळाली नाही. मी उठून मागच्या दारी गेलो.

साथ! बारा वर्षं खाली गायला लावलं. घरीसुद्धा. विचारलं असतं तर काय सांगणार होतो? तिने कधी विचारलंच नाही.

३१ जानेवारी
दहावा झाला. कांता घनसावंगीहून आली. चार वर्षं गिरिजाकडे शिकली — दुपारी, मी शाळेत नोकरीवर असायचो तेव्हा. फोटोपुढे एक पद म्हणते म्हणाली. मी पेटी काढली, पांढरी चार दिली.

"मास्तर, काळी चार द्या की. बाईंनी त्याच्यातच शिकवलं."

मी म्हणालो, तिला ती झेपत नव्हती.

कांता म्हणाली, "बाईंना? रोज त्याच्यातच म्हणायच्या. वरचा सा लावून थांबायच्या अन् मला म्हणायच्या, आता तू ये इथं."

पेटीवर हात होता, भाता चालेना. कांता तशीच गायली. साथीशिवाय.

अंबडला ताप होता — नुसता ताप!

१ फेब्रुवारी
सकाळी कांताला जीपपर्यंत सोडायला गेलो. विचारलं — मग माझ्यासमोर कधीच का नाही? जीपमध्ये बसल्यावर बोलली.

"बाईंनी शपथ घातल्ती. म्हणायच्या, जीपच्या दारात बोट गेल्तं तवापासून मास्तरांना काळी पट्टी जमत न्हाई, त्यांना बोलून दाखवायचं न्हाई. मी इचारलं, कशावरून? तर म्हणल्या, माझा आवाज गेला असता तर त्यांनी सांगितलं असतं."

बोट पंधरा दिवसांत बरं झालं होतं.