वास सांगणारी

५ ऑक्टोबर १९३६, सोमवार
वाशीम

आजही तिलाच विचारलं. मी समोर पळी घेऊन उभी होते.

द्राक्षासवाच्या रांजणाचं तोंड उघडलं. नानांनी आधी कान लावला, मग काडी पेटवून आत धरली. विझली. म्हणजे आत अजून फसफस चालू आहे, हवा कोंडलेली आहे — हे मला कधीपासूनच कळतं. पण नाना वळले ते पंचफुलाकडे. म्हणाले, "वास सांग."

ती पदर सावरून वाकली. डोळे मिटले. म्हणाली, पिकल्या बोरावानी येते बुवा, पण खाली गुळाचा वास अजून कच्चा आहे, आठ दिवस राहू द्या.

नाना म्हणाले, "बराबर."

माळ्याची बाई. भाजीची टोपली दारात ठेवून आत येते, आणि तिला बराबर!

७ ऑक्टोबर

झोप नाही, भूक नाही. लिहिलं तर डोकं थंड होईल.

एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसून मी बापाच्या घरी परत आले. नानांना सगळं वाशीम दौलतराव वैद्य म्हणून ओळखतं, पण समजूत घालणं त्यांना येत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला आसवाच्या खोलीत नेलं आणि पुढ्यात मनुका निवडायला टाकल्या. रडाचं तं रड जिजा, पण हात चालू ठेव, एवढंच बोलले. त्याला अकरा वर्षं झाली. काढा मी करते, गूळ मी विरघळवते, ते आंबायला धायटीची फुलं मी टाकते. रांजणाचं तोंड कापडानं बांधून मातीनं मीच लिंपते, भुशात मीच पुरते.

ही पंचफुला मागच्या पोळ्याच्या सुमाराला आली. मेथी द्यायला. दारातूनच म्हणाली, बुवा, तुमचा एक रांजण बिघडला वाटते. नानांनी सगळे उघडायला लावले. कोपऱ्यातला खरंच आंबून सिरका झाला होता.

तो कोपऱ्यातला माझा होता.

१२ ऑक्टोबर

तिला नवरा आहे, तीन पोरं आहेत, विहिरीचा मळा आहे. मला ही खोली आहे. तिला तीच काहून पाहिजे?

१५ ऑक्टोबर

नानांनी आज दोन रांजण मांडले. एक माझा, एक तिचा. काढा एकच, गूळ एकच. जऊळक्याच्या दोन बाळंतिणींना द्यायचं आहे, दोघी फार अशक्त आहेत, म्हणून चांगला उतरेल तो तिकडे जाईल.

मी माझा रांजण उकळत्या पाण्यानं दोनदा धुतला. धायटीची फुलंही धुऊन, निवडून घेतली. तिनं मात्र जुनाच रांजण मागितला, आत नुसतं फडकं फिरवलं. फुलं तर तशीच, धुळीसकट. मी नाक मुरडलं. ती म्हणाली, फुलावर जे पिठावानी असते ना बाई, तेच आसवाले उठवते. धुतलं का गेलं.

नाना कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी पुस्तकातलं सांगितलं — फुलावर, जुन्या भांड्याच्या छिद्रांत, डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते गूळ खातात आणि त्याचं आसव करतात. गरम पाण्यानं मरतात. ह्या बाईनं पुस्तक न वाचता हे धरलं, असं म्हणाले.

मी पुस्तक वाचलं आहे. मला कोणी सांगायला सांगितलं नाही.

१८ ऑक्टोबर

तिचा रांजण तिसऱ्याच दिवशी बोलू लागला. भुशावर कान ठेवला की आत उडीद तडतडल्यासारखं ऐकू येतं. माझा मुका.

२१ ऑक्टोबर

माझा आज जरा कुजबुजला. नाना तिच्याच रांजणाजवळ बसलेले. तिला सांगत होते — पुढच्या वर्षी अरिष्टं शिकवीन, दशमूळ, अशोक, सगळी.

मला दशमूळ शिकवायला त्यांनी सहा वर्षं लावली होती!

१६ नोव्हेंबर

हे कुठे लिहू नये. तरी लिहिते.

आज दोन्ही रांजण काढले. पंचफुला मळ्यात अडकली होती, यायला उशीर होता. नाना म्हणाले, थांबायचं कायले, तू पाह्य. अकरा वर्षांत पहिल्यांदा!

माझा आधी उघडला. बरा होता. फिका, पण बरा.

मग तिचा. माती फोडली, कापड सोडलं, आणि वास वर आला. काय लिहू. मनुका, मध, सुंठ, आणि त्यांच्या मागे आणखी काहीतरी, ज्याला माझ्याकडे शब्द नाही. काडी आत धरली तर सरळ जळत राहिली. पळीभर चाखलं. असं आसव आमच्या घरात कधी उतरलं नव्हतं.

नानांनी विचारलं, "कसं आहे?"

मी म्हटलं, "नासलं आहे. आतून कुजका वास येतो."

शब्द तोंडातून गेला आणि मी वाट पाहिली. आता नाना वाकतील, हुंगतील, माझं खोटं पकडतील. ते जागचे हलले नाहीत. रांजणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, मागच्या अंगणात ओतून दे.

ती आली तेव्हा रांजण पालथा पडलेला. नानांनी तिला सांगितलं — बिघडवलं तू, बाळंतिणीच्या पोटात विष गेलं असतं. आता येऊ नको. ती माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, मले तं परवा भुशावरून चांगला वास आला होता बाई. मी म्हटलं, परवाचं परवा.

ती टोपली उचलून गेली.

१७ नोव्हेंबर

अंगणातल्या मातीला अजून तो वास आहे. मी दोन घागरी पाणी ओतलं. जात नाही. नाना सकाळी तिथेच उभे राहून निवांत दात घासत होते.

२० नोव्हेंबर

त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. स्वतः वाकून पाहिलंसुद्धा नाही! तिच्या नाकापेक्षा माझा शब्द मोठा. हे मी रोज मनात म्हणते. पहिले दोन दिवस गोड लागलं.

माझं आसव जऊळक्याला गेलं. आता नाना मलाच म्हणतात, वास सांग. मी सांगते. ते म्हणतात, बराबर. ती जायच्या आधी मला वाटायचं, हा शब्द मिळाला की मी सुखी होईन.

२ डिसेंबर

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवते.

चुलीवर दूध ठेवून मी विहिरीवर गेले. येते तर शेजारच्या सुलतानबी कुंपणावरून हाका मारत होत्या — अरी जिजाबाई, दूध जल रहा है, सारी गली में बास आ री. मी धावत आत गेले. दूध तळाला लागून काळं झालं होतं, सबंध घरात करपट वास. आणि नाना चुलीपासून पाच हातांवर, पाठ करून, खल घेऊन बसलेले. शांतपणे सुंठ कुटत होते.

मी पातेलं उतरवलं. त्यांच्या समोर जाऊन बसले. विचारलं, नाना, तुम्हाला वास नाही आला?

त्यांचा बत्ता थांबला. मग खाली पाहूनच म्हणाले, "दोन वर्सं झाली जिजा. तो मोठा ताप आला होता ना, त्यात वास गेला. गुलाब नाही, हिंग नाही, काहीच नाही."

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं? मी होते ना.

म्हणाले, "तुले विचारलं असतं तं तुले समजलं असतं. परकीले विचारलं तं ती म्हणते, बुवा शिकवून राह्यले. वासाबिगर वैद्य कायचा? साऱ्या गावासमोर चाललं असतं. तुह्यासमोर लाज वाटे."

मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, त्या दिवशी रांजण उघडला तेव्हा मले काहीच समजत नव्हतं. तू म्हटलं नासलं. मी तुह्या नाकावर सोडून दिलं.

मी खरं सांगितलं, ते आसव नासलं नव्हतं. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, मले नको सांगू. तिले जाऊन सांग.

४ डिसेंबर

मळ्यावर गेले. पंचफुला वांगी तोडत होती. उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं — आसव उत्तम होतं, मी खोटं बोलले. ती ओरडली नाही. वाफ्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "मले वाटलं बाई, माह्यंच नाक गेलं. तवापासून दूध नासलं का नाही, तेबी सासूले विचारून राह्यली मी."