पट्टी आणि काडी

स्काल्वेनाई, लिथुआनिया
१८ सप्टेंबर १९९४

चि. वाइदास यास आल्दोनाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पोचल्याचं पत्र अकरा दिवसांनी पोचलं. पलंग आखूड आहे आणि पाय खुर्चीवर ठेवून झोपतोस, एवढीच काय ती बातमी. दोन मीटर आठ सेंटीमीटरच्या माणसाला जगात कुठेही पलंग आखूडच होणार, त्यात लिहिण्यासारखं काय? जेवतोस काय, कपडे कोण धुतं, ते कोण लिहिणार? मागच्या बाजूला काही आहे का म्हणून आई कागद उलटापालटा करून बघत होती.

इकडे यंदा रानात आळंबी उदंड. आईने दोन बादल्या भरून आणल्या, स्वयंपाकघरभर माळा वाळताहेत. तू सांगून गेलेला टेलिफोनही आला एकदाचा, गल्लीतला पहिला. पहिल्यांदा घणघणला तेव्हा मी शेजारीच उभी होते. काय झालं कळलं नाही, डोळे उघडले तर मी जमिनीवर आणि आई तोंडावर पाणी मारतेय. लागोपाठ जादा पाळ्या केल्या होत्या, दुसरं काय! पण रुग्णालयातली नर्स टेलिफोनला भिऊन आडवी झाली, हे आता गल्लीत प्रत्येकाला तोंडपाठ आहे. जुन्या गाड्या आणून विकणारा आपला रापोलास तर मुद्दाम दारात येऊन हॉर्न वाजवतो.

एक विचारायचं होतं. पळताना डोळ्यांपुढे अंधारी येते का? छातीत धडधडतं का? हसू नकोस, नीट उत्तर दे. सकाळी जास्त पळू नकोस. बाबांचं वय तेव्हा एक्केचाळीस होतं, हे मी विसरत नाही आणि तूही विसरू नकोस.

आईचे आशीर्वाद. आठवण ठेव, आणि पत्राची दुसरी बाजूही वापर.

तुझी,
आल्दोनाताई


लोमेरगेम, बेल्जियम
६ ऑक्टोबर १९९४

ती. आल्दोनाताईस वाइदासचा सा. न. वि. वि.

हे घे, दोन्ही बाजू भरून लिहितो. बटाटे खातो, सकाळी, दुपारी आणि विचारू नकोस तेव्हाही. काळ्या पावाचा शेवटचा तुकडा रविवारी संपला. त्याच्यावर इथल्या पांढऱ्या पावाचा कापूस लावून खाल्ला. कपडे बास्केटबॉल क्लबच धुतो. प्रशिक्षक त्यांच्या भाषेत शिव्या देतात, संघातले बाकीचे रडकुंडीला येतात आणि मला एक अक्षर कळत नाही, म्हणून मी मान डोलावतो. त्यामुळे मी फार समजूतदार आहे असं त्यांचं मत झालंय.

चार सामन्यांपैकी तीन जिंकले. मागच्या सामन्यात एकोणीस गुण आणि चौदा रिबाउंड. करार मे महिन्यापर्यंतचा आहे. जानेवारीत क्लबची डॉक्टर पुन्हा सगळं तपासेल, आणि मग पुढच्या दोन वर्षांवर सही. ती सही झाली की तू जादा पाळ्या सोडायच्या, हे मी तुझ्या वतीने ठरवून टाकलंय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: धडधडतं. शंभर किलोचा माणूस अंगावर येतो तेव्हा धडधडायलाच पाहिजे. ताई, बाबांचं मी विसरेन कसा? सात वर्षांचा होतो, पहिल्या बाकावर बसलो होतो. सामना संपल्याचा भोंगा वाजला, आपण एका गुणाने जिंकलो होतो, आणि खेळणारे बाबा मैदानातच खाली पडले. लोकांना वाटलं, आनंदाने लोळण घेतली. लोक टाळ्या वाजवत होते. गोठ्याच्या भिंतीवर त्यांनी ठोकलेली रिंग होती म्हणून मी आज इथे आहे. मला भीती घालून तू त्या रिंगेचं काय करणार?

रापोलास गेल्या आठवड्यात भेटला. दर महिन्याला इथे गाड्या घ्यायला येतो. त्याच्याबरोबर काळा पाव पाठव. नाहीतर लोभ कमी करीन.

तुझा,
वाइदास


स्काल्वेनाई
३ नोव्हेंबर १९९४

चि. वाइदास यास अ. उ. आ.

काल मृतांचा दिवस झाला. सगळं गाव कबरस्तानात, दिव्यांनी टेकडी उजळलेली. बाबांच्या थडग्यावर मी मेणबत्ती लावली, ती तीनदा विझली. आई म्हणाली, वारा आहे. वारा नव्हता. तिथे उभी राहून मी ठरवलं की तुला खरं ते सांगायचं. हे टेलिफोनवर सांगता आलं नसतं, आई कायम त्या यंत्राला खेटून बसलेली असते.

ऑगस्टमधला तो दिवस आठव. क्लबला तब्येतीचा दाखला हवा होता, आपले डॉक्टर सुट्टीवर होते आणि शिक्का माझ्या खणात होता. तुझा कार्डिओग्राम मीच काढला. पट्टी बाहेर आली. रेघा भलत्याच उंच, शेवटची लाट उलटी. बाबा डोळ्यांपुढे आले. पडद्यामागे तू बुटाच्या नाड्या बांधत शीळ घालत होतास. ती पट्टी पाठवली असती तर तुझा खेळ त्याच दिवशी संपला असता.

मी तुझी पट्टी एप्रनच्या खिशात घातली. तू गेल्यावर दार लावून घेतलं, त्याच तारा स्वतःला जोडल्या आणि माझी पट्टी काढली. नीटनेटकी, शहाण्या मुलीसारखी. तिच्यावर तुझं नाव लिहिलं, शिक्का मारला. तुझ्या नावाने त्यांच्या कपाटात माझं काळीज पडलंय, वाइदास.

त्या दिवशी मला वाटलं होतं, मी तुला आयुष्य दिलं. आता दर शनिवारी तुझा सामना सुरू होतो त्या वेळी मी काम टाकून बसते आणि संपेपर्यंत माझ्याच्याने पाणीसुद्धा पिववत नाही. मला भयंकर भीती वाटते. गुडघा दुखतो म्हण, पाठ गेली म्हण, काहीही सांग आणि घरी ये. आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

रागाव, पण ये.

तुझी,
ताई


लोमेरगेम
२१ नोव्हेंबर १९९४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि फाडलं, मग तुकडे जुळवून परत वाचलं.

आधी मला न विचारता दिलंस, आता मला न विचारता परत मागतेस. मी तुझा भाऊ आहे की तुझ्या वॉर्डातला पेशंट? ऑगस्टमध्येच सांगितलं असतंस तर मी रडलो असतो आणि रापोलासबरोबर गाड्या विकल्या असत्या. आता इथे पोरं माझ्या नावाने ओरडतात. सव्विसाव्या वर्षी मला दुसरं काय येतं? मी खेळणार.

इतकं फणकाऱ्याने लिहिलं, पण तुझ्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. ऑक्टोबरात एकदा पळताना डोळ्यांपुढे काळं झालं होतं. सकाळी खाल्लं नव्हतं म्हणून सोडून दिलं. तुझं पत्र आल्यापासून मात्र मी खेळतच नाही, नुसता छाती ऐकतो. शनिवारी फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिलो आणि चेंडू टाकायच्या ऐवजी ठोके मोजत बसलो. पंचांनी शिट्टी मारली. आठपैकी सात चुकले. आणि शेवटी भोंगा वाजायच्या आधी मी कडेच्या खांबाला धरून उभा राहिलो, पडायचंच असेल तर निदान टाळ्या पडू नयेत म्हणून. हे वाचून तुला वाईट वाटेल. वाटू दे.

जानेवारीत डॉक्टर तपासेल तेव्हा कळेलच. तोवर मला उपदेश नको. पाव मिळाला, पाठवणारीला धन्यवाद. तुझ्यावर फार रागावलोय, आणि तू पत्र लिहायची थांबलीस तर आणखी रागावेन.

वाइदास


स्काल्वेनाई
२७ डिसेंबर १९९४

चि. वाइदास यास अ. उ. आ.

उपदेश नको म्हणालास, म्हणून सणाची हकीकत लिहिते.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसली आणि आम्ही दोघीच पानावर बसलो. रिवाजाचे बाराही पदार्थ झाले, हेरिंग मासे, बीट, खसखशीच्या दुधातली बिस्किटं. बाबांचं पान मांडलं होतं, तुझंही मांडलं. आईने वाडग्यांमध्ये अंतर ठेवलं, मेलेल्याचं आणि जित्याचं पान एकमेकांना लागू नये म्हणून.

मग टेबलक्लॉथखालच्या गवताच्या काड्या ओढल्या. लांब काडी तर लांब आयुष्य, हे तुला सांगायला नको. आईची मध्यम निघाली. तुझ्या नावाची मी ओढली. ती बोटाच्या पेराएवढी होती, वाइदास, मोडलेली. आई मेणबत्ती सरळ करत होती. मी पटकन माझ्या नावाची ओढली, ती चांगली हातभर निघाली. आईने वळून बघायच्या आत मी अदलाबदल केली. तुझ्या पानापुढे लांब काडी, माझ्यापुढे आखूड. आई तुझी काडी बघून इतकी खूश झाली की तिने ती बायबलमध्ये ठेवली. माझी बघून म्हणाली, तू कामाने मरशील.

हा खुळेपणा आहे, मी शिकलेली बाई आहे, सगळं खरं. पण मला त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

तू रापोलासबरोबर पाठवलेलं गजराचं लाल घड्याळ पोचलं. कसला कर्कश आवाज रे त्याचा! पहिल्याच पहाटे वाजलं आणि मी पलंगावरून खाली. काही वेळ शुद्धच नव्हती, कोपराला टेंगूळ. पण उशीर होत नाही हे खरं, म्हणून रोज उशाशी ठेवते. उद्यापासून आई मावशीकडे चाललीय, फेब्रुवारीपर्यंत. तिकडे टेलिफोन नाही. घरात मी एकटीच.

तपासणी झाली की लगेच कळव. चांगलं असो की वाईट.

तुझीच,
ताई


लोमेरगेम
२० जानेवारी १९९५, शुक्रवार

प्रिय ताई,

आज मायना जमत नाही. हे पत्र रापोलास हातात आणून देईल. तो उद्या सकाळी निघतोय, सोमवारी पोचेल. पत्र तुझ्या हातात पडलं असेल तर माझी निम्मी भीती सरली. आता खाली बस आणि सावकाश वाच.

मला काही झालेलं नाही. डॉक्टर लिबर्टबाईंनी दोन दिवस तपासलं, यंत्राच्या पडद्यावर माझं काळीज मलाच दाखवलं. ते मोठं आहे, लहानपणापासून पळून पळून झालेलं. उंच रेघा आणि उलटी लाट काही खेळाडूंच्या पट्टीत दिसते, पण बाकी सगळं तपासून त्या म्हणाल्या, यात आजार नाही. तू घाबरलीस ते साहजिक होतं, त्या म्हणाल्या, नर्सने घाबरावंच.

मग त्यांनी फाइलमधून ऑगस्टची पट्टी काढली. दोन्ही शेजारी ठेवल्या. ऑगस्टच्या पट्टीवरच्या रेघांमधलं अंतर पुन्हा पुन्हा मोजलं. मग विचारलं, ही कुणाची? ह्या दोन्ही एका माणसाच्या नाहीत. क्लबचे मॅनेजर तिथेच बसले होते. रुग्णालयात कागद इकडचे तिकडे झाले असतील, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं, सहीचा कागद त्यांच्या हातात तयार होता. मी तेच म्हणणार होतो. तेवढ्यात बाईंनी विचारलं, हा जो कोणी आहे, तो अचानक मोठा आवाज झाला की बेशुद्ध पडतो का?

ताई, मला टेलिफोन आठवला. घड्याळ आठवलं. आणि भोंगा.

मी सगळं सांगून टाकलं. मॅनेजरांनी कागद घडी करून खिशात घातला. खोट्या दाखल्यावर आलेला माणूस त्यांना नको. माझा खेळ इथला संपला, आणि शपथेवर सांगतो, त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. पुढे वाटेल.

बाई म्हणाल्या, ठोका पडल्यावर काळजाला सावरायला जेवढा वेळ लागावा, त्याहून तुझ्या काळजाला जास्त लागतो. ते बारीक असतं, आपल्या गावात कुणी मोजलं नसतं. असं घराण्यात उतरतं. बाबांचं मला नाही आलं, तुला आलं. तेवढ्यात दचकलं तर ते थांबू शकतं. यावर गोळ्या आहेत, त्या घेऊन माणसं म्हातारी होतात. कौनासच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिलीय, सोबत आहे.

चार वेळा मी टेलिफोन उचलला आणि खाली ठेवला. घरी तू एकटी, घंटा तुझ्या कानाशी वाजणार. रुग्णालयात केला तर तिथला एकच टेलिफोन तुझ्याच टेबलावर. तार केली असती, पण पोस्टातली ओना दार कसं बडवते ते तुला ठाऊक आहे. म्हणून रापोलास. हॉर्न वाजवलास तर तुझी मान मुरगाळीन असं त्याला बजावलंय. तो गल्लीच्या तोंडाशी गाडी ठेवून चालत येईल आणि तू कामावरून येताना तुला समोरून दिसेल अशा जागी उभा राहील.

माझा पासपोर्ट क्लबकडे आहे, सोमवारी मिळतो. त्याच दिवशी बस धरतो, बुधवारी पोचतो. तोवर टेलिफोनची तार भिंतीतून काढून टाक. घड्याळाची किल्ली देऊ नकोस. मी हौसेने पाठवलेली वस्तू, रोज पहाटे तुझ्या उशाशी. शनिवार, रविवार, सोमवार, अजून तीन पहाटा ते वाजणार आहे आणि मी इथे बसून काही करू शकत नाही. तू माझ्यासाठी शनिवारी कशी बसायचीस, ते आता मला कळतं.

पट्टीही तू मला तुझी दिलीस आणि काडीही तुझीच दिलीस. बायबलमधली ती लांब काडी मी आल्यावर काढून घेणार आहे. ती तुझी आहे.

बुधवारी उशिरापर्यंत झोप. कामावर जाऊ नकोस, काय म्हणायचं ते म्हणू देत. मी पहाटे पोचेन, पण दार वाजवणार नाही. तुझ्या खिडकीशी उभा राहीन. वरच्या काचेतून माझं डोकं दिसतंच. बर्फ असलं तर असू दे. तुझी तुला जाग येईल तेव्हा बघ.

लोभ नंतर करू. आधी जागी हो.

तुझा,
वाइदास