जोतीरामचे दोन सूर

सातारा, ८ जानेवारी १९६१

जमलं! एरवी वायरलेसचा सेट चालू ठेवला की दिवसभर खरखर, आणि नाही नाही त्या माणसांच्या गप्पा. आता तो गप्प बसतो. मी माइकपुढे पेटीच्या सुट्या पितळी पट्ट्यांचे दोन ठरलेले सूर वाजवले की सांगलीत माझ्या फौजेतल्या दोस्ताच्या, जोतीरामच्या सेटची घंटी वाजते आणि सेट बोलू लागतो. दुसऱ्या कुणाच्या हाकेला जागा होत नाही. त्यानं हाक दिली की तसंच माझ्याकडे. सूर जोतीरामनंच मिरजेच्या पेटीवाल्याकडून निवडून आणले. "ह्ये दोन तुजं, त्ये दोन माजं. आता गर्दीत चुकायचो न्हाई, गड्या."

दुपारी डोळे मिटून पडलो. वाटलं, माझे सूर कृष्णेच्या कडेकडेनं चाललेत — उसाच्या तुऱ्यांवरून, वाटेत कुणाशी न बोलता.

१५ जानेवारी

रविवारची हाक दिली. उत्तर नाही.

२२ जानेवारी

आजही नाही. चूक माझीच असणार. थंडीनं सूर उतरला असेल म्हणून पट्टी कानशीनं किंचित घासली. मग वाटलं, सूर जास्तच चढला. घासलेलं पितळ परत येत नाही.

की मागच्या खेपेला मी चिडून म्हणालो, "तेच तेच काय विचारतोस?" ते लागलं त्याला?

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो, तोच घंटी. जोतीरामचे सूर! पण आवाज त्याच्या बायकोचा, हरणाबाईंचा. परवाना नसलेल्यानं बोलू नये. मी थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही.

"आवं भावजी, घंटी वाजती की. समदी आळी ऐकती. ह्यास्नीच ऐकू येत न्हाई. कमी व्हत व्हत कान पार गेल्यात. तुमास्नी सांगू नगंस म्हणत्यात. सेट इकून टाकतो म्हणत्यात."

"तो कुठं आहे?"

"झेंड्याला. फौजेचा कोट घालून. म्हनून तर बोलतीया."

२७ जानेवारी

मला कळलंय, हे त्याला कळू द्यावं का? लपवणं त्याचं आहे. ते मी काढून घ्यावं? पण गप्प राहिलो तर सेट जाईल, आणि त्याच्याबरोबर आमचं बोलणं.

पहाटे स्वप्न पडलं. दोघं नदीच्या तळाशी बसून बोलतोय. तोंडातून नुसते बुडबुडे. सगळं समजत होतं.

२९ जानेवारी

सूर वाजवले. माइक उचलला, खाली ठेवला. फौजेतली मोर्सची, टिंब-रेघांची कळ पुढे ओढली आणि सावकाश ठोकलं — कसा आहेस?

मग त्याचा आवाज, गरजेपेक्षा मोठा:

"लय उशीर केलास, गड्या. दर ऐतवारी स्पीकरवर बोट टेकून बसतोय. तू बोलतोस त्ये कळतंय, काय बोलतोस त्ये न्हाई. ठोकं मातर बोटाला कळत्यात. ठोक, ठोक पुढं."