बाबांना किती मुलं होती

आंतिवीलदादा,

बाबा गेले. काल त्यांना मूठमाती दिली. लाकूड-कंपनीचा ट्रक मान्केओनं जाळला, अशी साक्ष तू कोर्टात दिलीस, आपल्याच चुलतभावाविरुद्ध. ती खरी असेलही. पण तो तुरुंगात गेल्यापासून आपल्या कुळात तुझं नाव कोणी घेत नाही.

गेलेल्या माणसाचं आयुष्य पुरण्याआधी घरच्यांनी सगळ्या कुळासमोर सांगायचं असतं. तू नव्हतास, म्हणून मी उभी राहिले. काका आता कुळाचे प्रमुख आहेत. ते हळूच म्हणाले, "पोरी, त्याचं नाव घेतलंस तर मान्केओची माणसं उठून जातील. मग पेटी कोण उचलणार?"

मी सांगितलं, बाबांना एकच मूल होतं, मी.

आई ताडकन उठली. "दोन! मी दोन जन्माला घातलीत. विसरलीस का गं?"

मान्केओची बायको उठून निघाली. तिच्यामागून एकेक करत सगळे गेले. पेटी आई, काका आणि मी, आम्ही तिघांनी ओढतच नेली.

आई कालपासून सारखी विचारते, त्याला कळवलंस का. मी हो म्हणते. हे पत्र मात्र पाठवणार नाही. कळलं तर तू येशील, आणि नदीच्या पुलावर मान्केओचे भाऊ बसून आहेत.

तुझीच,
कियेन