खडकाच्या खुणा

आबा, काल गावाहून फोन आला होता. मच्छीमार सोसायटीचा हल्लीचा चेअरमन, तुमच्या होडीवर तुमच्याबरोबर जाळी ओढणारा तोच. म्हणाला, "ताय, आम्ही पुन्हा खडक सोडायचा म्हणतोय, तिथं कुणी जाळं टाकायचं नाय. नारळी पुनवेला सगळ्यांना नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावणार, आबांनी लावली तशी. तू कॉम्प्युटरवाली. परक्या बोटींच्या मशीनमधनं आपला खडक पुसायला काय करायला लागतं, तेवढं सांग." मी विश्रांतवाडीच्या फ्लॅटच्या गॅलरीत उभी होते, खाली पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, "बघते." इतकी वर्षं पुण्यात राहून एवढं मात्र शिकले. काही करता येण्यासारखं नसलं की माणूस "बघते" म्हणतो आणि फोन ठेवतो.

तुम्ही चेअरमन असताना तो खडक सोडायला लावलात तेव्हा तुम्हाला लोकांनी काय कमी बोल लावले? ट्रॉलरनी समुद्र खरवडून नेला होता, आपल्या जाळ्यांत कचरा आणि चार बांगडे. तुमचं म्हणणं एवढंच होतं की खोल पाण्यातल्या त्या एका खडकावर गाभोळीची, अंड्यांवर आलेली तांबोशी मासळी जमते, तिथे कुणी जाळं टाकायचं नाही. तिची पिल्लं वाढली की बाहेर येतील, ती आपलीच. दारोदार फिरलात. "तुझं काय जातंय, तुझी पोर पुण्यात शिकतेय," असं तोंडावर ऐकलंत. मग ज्यांच्या चुली त्या खडकावर चालायच्या त्यांच्या बायकांसाठी खाडीत तराफे बांधलेत, कालवं वाढवायला दोऱ्या सोडल्यात, कोलंबीच्या लोणच्याच्या बरण्या भरायला लावल्यात. तिसऱ्या वर्षी जाळी जड झाली, तेव्हा कुठे माणसं गप्प बसली. तरी तुम्ही कधी "बघा, मी सांगत होतो" म्हणाला नाहीत. मी असते तर गावभर ओरडत सुटले असते.

त्या खडकाच्या खुणा गावातल्या होडी हाकणाऱ्या प्रत्येक तांडेलाला पाठ होत्या, बाहेरच्या एकालाही नाही. किनाऱ्यावरची एक वस्तू दुसरीच्या मागे दडली आणि दुसऱ्या बाजूच्या दोन एकमेकींना चिकटल्या, की होडीखाली खडक. तुम्हाला मुलगा नव्हता म्हणून म्हणा किंवा मी डोकं खाल्लं म्हणून म्हणा, तुम्ही मला होडीत घेऊन गेलात आणि खुणा दाखवल्यात. चौथीत होते मी. घरी येऊन मी शहाणपणा केला, चित्रकलेच्या वहीत किनारा काढला, रंग भरले, रेघा ओढल्या. आई चुलीवर सुके बोंबील भाजतेय. तुम्ही वही बघता, पान फाडता, बोंबलांखालच्या निखाऱ्यात टाकता. मी भोकाड पसरते. "बाय," तुम्ही म्हणता, "हे कागदावर काढायचं नाय. कागद कुणाच्या पण हातात जातो." पुढे दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून नवी वही आणलीत आणि माझ्या उशाशी ठेवलीत.

नोकरी लागली तेव्हा मी शनिवार पेठेत कॉटबेसिसवर राहत होते. तुम्ही लोणच्याच्या बरण्या घेऊन आलात, पुण्यात कुणी दुकानदार ठेवतो का बघायला. घरमालकीणबाईंनी पिशवीकडे पाहिलं. "अहो, माणसांना आमची हरकत नाही, वासाला आहे. बरण्या जिन्यात ठेवा. आणि जिन्यात फार वेळ ठेवू नका." तुम्ही हसलात आणि जिन्यातच बरण्यांशेजारी बसलात. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईंचा राग आला नाही आबा, तुमचा आला. धोतरासारखी नेसलेली लुंगी, हातातली गोणपाटाची पिशवी, सगळ्याचा. ऑफिसात सगळे इंग्रजीतून विनोद करायचे आणि मी अर्धा सेकंद उशिरा हसायचे. वडील काय करतात, असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, बिझनेस.

आमच्या कंपनीत आम्ही त्या वेळी बोटींसाठी नकाशाचा प्रोग्राम लिहीत होतो. आपण समुद्रात नेमके कुठे आहोत ते सांगणारं हातात मावणारं यंत्र, आणि त्यात जागा साठवायची सोय; बटण दाबून जागा साठवली की ते एकदा वाजायचं. चाचणीसाठी ते मला गणपतीच्या सुट्टीत घरी न्यायला दिलं. तुम्ही कौतुकाने मला होडीतून नेलंत, खडकावर येऊन होडी थांबवलीत. यंत्र बघून विचारलंत, "हे काय करतं?" मी म्हटलं, "आपण कुठे आहोत ते सांगतं." "आपण कुठं हाव ते मला ठाऊक हाय," तुम्ही म्हणालात आणि पाण्यात थुंकलात. मी पण हसले. तेवढ्यात यंत्र एकदा वाजलं. तुम्ही वळून पाहिलंत आणि होडी किनाऱ्याकडे फिरवलीत.

पुण्यात आल्यावर आमचा टीमलीड म्हणाला, डेमोत खरे पॉइंट असले की गिऱ्हाइकाला बरं वाटतं. खडक त्यात गेला. डेमोतून विक्रीच्या सीडीत गेला, ते मला कळलंसुद्धा नाही. पुढच्या हंगामात मोठं घेरजाळं टाकणाऱ्या पर्ससीनच्या बोटी आल्या, कुठे शोधाशोध नाही, सरळ खडकावर. चार दिवसांत तांबोशी गाभोळीसकट उचलून नेली. गावात सभा झाली. कुणी म्हणे याने विकलं, कुणी म्हणे त्याने. मारामारीवर आलं, तेव्हा तुम्ही उठून एवढंच बोललात, "चूक माझ्या घरातली हाय." आणि चेअरमनकी सोडलीत. लोकांना वाटलं, तुम्हीच पैसे खाल्ले. तुम्ही तसं वाटू दिलंत. हे मला काल त्याच फोनवर कळलं, आबा. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली आणि मला काल कळतंय! मला तुम्ही सांगितलं होतंत की तब्येत झेपत नाही म्हणून सोडली.

आज दिवसभर ऑफिसात मी दुसरं काही केलं नाही. ती कंपनी दोनदा विकली गेली. जुना टीमलीड अमेरिकेत आहे, त्याला फोन लावला तर म्हणतो, "अगं, तो डेटा आता कुठे कुठे असेल! लेट इट गो." या मशीनमधून त्या मशीनमध्ये, या तांडेलाकडून त्या तांडेलाकडे. समुद्रातून तो ठिपका कोण वेचणार? माझ्या हाताखाली आज तीस माणसं काम करतात आणि मला एक ठिपका पुसता येत नाही. नारळी पौर्णिमेला गावातली माणसं नारळावर हात ठेवतील, आपापली जाळी आवरून बसतील, आणि त्यांच्यासमोरून परक्या बोटी खडकावर जातील. हे मला आत्ताच दिसतंय. चेअरमनला काय सांगू? माझं नाव सांगायला हवं, निदान तुमच्यावरचा डाग जाईल. तीन वेळा त्याचा नंबर काढला आणि फोन ठेवून दिला.

हे सगळं लिहिलं, पण खुणा यात कुठेही लिहिलेल्या नाहीत. तेवढं तुमचं ऐकलं. आता हा कागद गॅसवर धरणार आहे, चूल नाही इथे. त्याआधी एकच. ते यंत्र माझ्या हातून चुकून वाजलं, असं मी आजवर स्वतःलासुद्धा सांगत आले. चुकून नव्हतं, आबा. बिझनेस म्हणून म्हणून कंटाळले होते. मला ऑफिसात एकदा दाखवायचं होतं की माझ्या बापाला काय काय येतं.