शेठच्या नव्या चाळीचा दाखला

सोम. ९ एप्रिल १९८४, पालघर
आज अर्ज टेबलावर आला. सरावली, नवी चाळ, वीस खोल्या, बांधून तयार. लोकांना राहायला द्यायचा दाखला हवा. मालक आपल्या जुन्या चाळीचा शेठ. सहा वर्षं मी वाट पाहिली आणि हा स्वतःच्या पायांनी चालत आला. बोईसरकडच्या घरांची पाहणी माझ्याकडे असते, हे त्याला कुठून माहीत असणार? मला ओळखलंही नाही. "साहेब, पावसाच्या आत बघा जरा. जुन्या चाळीतली माणसं त्यात हलवून तिथे गाळे काढायचेत." बघतो म्हटलं. अर्ज सगळ्या कागदांच्या वर ठेवला.
आईला सांगितलं. आज पोटभर जेवली.

गुरु. १२ एप्रिल
लिहून ठेवतो, राग शिळा व्हायला नको.
जुलै ७८. शेठची जुनी चाळ, खोली सात. आई भाताच्या आवणीला गावी, मी कामावर. कुसुम ताप अंगावर घेऊन घरात एकटी. पाऊस आत येतो म्हणून दार लावलेलं, कोळशाची शेगडी पेटलेली. दुपारी निजली ती उठलीच नाही. एकोणीस वर्षांची माझी बहीण. अंगावर भाजल्याची एक खूण नाही. धूर आणि कोळशाचा वायू बाहेर जायला वाटच नव्हती.
दहावं गावी केलं, खोली सोडली. सामान न्यायला आलो तेव्हा मी छपरावर चढलो. धुरांड्याच्या तोंडावर विटा. पक्क्या, सिमेंटात.
शेठ भेटायला आला होता, म्हणे मुलीनं काळजी घ्यायला हवी होती.

मंगळ. १७ एप्रिल
पाहणी केली. मजा आली, खोटं कशाला लिहू. आठ खोल्यांच्या चुलीकडच्या खिडक्या जिन्यात उघडतात. नऊ ठिकाणी छपराचा लाकडी वासा धुरांड्याला टेकलेला. सगळं नियमाबाहेर. शेठ घाम पुसत मागे मागे. "साहेब, एवढं कोण बघतं?"
मी बघतो. शेरा मारला, दाखला नामंजूर. त्याला भिंती फोडायला लावल्या. मी एक पैसा खाणार नाही, एक शब्द खोटा लिहिणार नाही, नियमानेच त्याची जिरवणार.

मंगळ. ८ मे
खिडक्या फिरवल्या, वासे कापले. पठ्ठ्याने केलं सगळं. मग मी धुरांड्यांची उंची मोजली. छपराच्या वर जेवढी हवी तेवढी नाही. पुन्हा शेरा. शेठचा आवाज उतरलाय. कचेरीतल्या शिपायाला विचारत होता, साहेबांना माझ्याशी काय वैर आहे?
आई रोज विचारते, "कुठवर आलं?" तुळशीला पाणी घालते तेव्हाच त्याच्या नावाने बोटं मोडते. सहा वर्षांत एक दिवस चुकला नाही.

शनि. १९ मे, बोईसरहून परत
जायला नको होतं.
जुन्या चाळीतल्या त्या विटा दाखवून शेठला कायमचा अडकवावा, असा विचार. खोली आठमध्ये जानकीमावशी अजून आहे, आमची तेव्हाची शेजारीण. तारापूरकडची, बाजारात सुकी मासळी विकते. आगोट चालली होती तिची, पावसाआधीची बेगमी. बोंबील डब्यात भरून झालेले, लाकडं आत घेतलेली, आणि स्टुलावर चढून बाई धुरांड्यात गोणपाट कोंबतेय. मी तेव्हा दिवसभर कामावर, हे कधी पाहिलं नव्हतं.
"मावशी, हे काय?"
"मंग काय करू? धुरांड्याला टोपी नाय, काय नाय. पाऊस सरळ चुलीत पडते. आमी समदीच कोंबतो."
"आमच्या खोलीत तर शेठने विटा…"
"त्या मागून लावल्या रे. कुसुम गेल्यावर, नवा भाडेकरू यायचा होता तवा. आदी गोणपाटच होतं. तुज्या आयनीच कोंबलेलं, गावाला जायच्या आदी. स्टूल माजंच नेलं होतं."
चहा दिला तिने. प्यालो की नाही आठवत नाही.

रवि. २० मे
आई तांदूळ निवडत होती. सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या वर्षी आगोट कोणी केली होती?
"कोणी म्हंजे? मीच केली." मान वर न करता.
पुढे विचारायची छाती झाली नाही. तिला ठाऊक आहे का? की म्हणूनच रोज शेठच्या नावाने बोटं मोडते…

सोम. २८ मे
तिसरी पाहणी. नियमात काहीच सापडलं नाही. तरी लिहिलं: धुरांड्यांना पावसाची टोपी नाही, लोक गोणपाट कोंबतील, दाखला देता येत नाही.
शेठ पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलला. "नियम दाखवा."
नियम नाही. सगळ्या पुस्तकात नाही. पुस्तक लिहिणाऱ्यांनी आमची आगोट कधी पाहिलेली नसावी. तीन शेऱ्यांत खरा कामाचा हाच, आणि यालाच आधार नाही. पण टोपी न देणारा शेठच होता ना? सात नंबरलाही यानेच दिली नव्हती. मग राग अर्धा तरी माझा आहे. अर्ध्याने भागत नाही.

शुक्र. १ जून
शेठने विसाच्या वीस टोप्या बसवल्या. पत्र्याच्या, चांगल्या. वाद घालण्यापेक्षा स्वस्त पडलं म्हणाला. मी विचारलं, "जुन्या चाळीत एक मुलगी गेली होती, सात नंबरला. नाव आठवतं?"
बराच वेळ विचार केला त्याने. खरंच केला. "नाही आठवत, साहेब. तुमच्या कोणी होत्या का?"
त्याचा गळा धरावासा वाटला. उठून बाहेर गेलो.

सोम. ४ जून
दाखला टेबलावर, सहीपुरता बाकी. कचेरीच्या पायरीवर सकाळपासून जानकीमावशी. "अनंता, नवी खोली कवा देतंय शेठ? जुनीत लय धूर होते." डोळे लाल तिचे.
निघताना आईने विचारलं होतं, "सोडलास काय त्याला?"
"नाही."
"सोडू नको."
सही न करायला कारण उरलेलं नाही. पण आज सही करून घरी गेलो, तर उद्या तुळशीपाशी ती कोणाच्या नावाने बोटं मोडेल?